कंपनीचा कायदा, देवाचे नाव आणि हसण्याची दिशा

#इतिहासाचा_धागा

१/ समलिंगी व्यक्तींच्या हक्कांना विरोध झाला की त्याचे खापर बहुधा धर्मावर फोडले जाते. विरोध करणारेही धर्माचेच नाव घेतात, त्यामुळे हे निदान दोन्ही बाजूंना सोयीचे पडते. परंतु गेल्या दोन शतकांतील घटना क्रमाने मांडल्या, तर धर्माच्या आडोशाला उभी असलेली आणखी एक आकृती दिसू लागते. ती आकृती संस्थेची आहे. कधी ती व्यापारी कंपनी असते, कधी महाविद्यालय, कधी चित्रपटगृह, तर कधी सौंदर्यप्रसाधने विकणारा उद्योग. हा धागा त्या आकृतीविषयी आहे, आणि तिच्यापुढे मराठी उपहासाने काय केले याविषयीही.

२/ आरंभ खऱ्याखुऱ्या कंपनीपासून करावा लागतो. मराठीत ‘कंपनी सरकार’ हा शब्दप्रयोग रुळला, तो एका व्यापारी मंडळीच्या हाती राज्य गेले म्हणून. त्याच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात, १८३३च्या सनदी कायद्यानंतर, पहिला विधी आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. १८३७ मध्ये या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा सादर केला आणि ‘निसर्गविरुद्ध’ मानलेल्या संबंधांना शिक्षा सांगणारी कलमे त्यात घातली.

३/ या मसुद्याला स्पष्टीकरणात्मक टिपा जोडलेल्या होत्या. एकेका कलमामागे कोणता विचार आहे, ते सविस्तर सांगणाऱ्या टिपा. या कलमांपाशी मात्र आयोगाने हात आखडता घेतला. या घृणास्पद विषयावर जाहीर चर्चा होईल असे काहीही लिहिण्याची आमची इच्छा नाही, अशा आशयाची नोंद करून तो पुढे गेला. शिक्षा सांगितली, कारण सांगितले नाही. पुढील प्रत्येक प्रकरणात हीच रीत पुन्हा भेटते, म्हणून ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४/ दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश मुलखात लागू झाली. तिचे कलम ३७७ हेच ते कलम. त्याचे मूळ इंग्लंडमधील १५३३च्या कायद्यापर्यंत जाते. आठव्या हेन्रीच्या काळात धर्मपीठाच्या कक्षेतील हे पाप राजाच्या न्यायालयातील गुन्हा झाले. पुढे इंग्लंड आणि वेल्सने १९६७ मध्ये प्रौढांमधील खाजगी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. ‘समलैंगिकता ही पाश्चात्त्य आयात आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवास पाहावा. आयात झाली ती शिक्षा.

५/ परभणी जिल्ह्यातील पिंगळी हे गाव त्या वेळी ब्रिटिश मुलखात नव्हतेच. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारतीय दंडसंहिता येथे रीतसर लागू झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये. म्हणजे परक्या कंपनीच्या आयोगाने लिहिलेले कलम पिंगळीच्या माणसाला स्वतंत्र भारताच्या हातून मिळाले. ज्याला ‘आपली परंपरा’ म्हणून आज येथे हाताशी धरले जाते, ते कायद्याच्या रूपात इतके नवे आहे.

६/ आता मुंबईकडे. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे ज्येष्ठ पुत्र, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. कर्वे तेव्हा विल्सन महाविद्यालयात शिकवीत असत. संस्था स्कॉटिश मिशनऱ्यांची. प्राध्यापकाचे हे कार्य संस्थेला पटणारे नव्हते. नोकरी आणि प्रचार यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा, १९२५ मध्ये, कर्व्यांनी नोकरी सोडली.

७/ हा वाद समलैंगिकतेवरून झाला नव्हता, हे स्पष्ट असावे. तरीही तो येथे महत्त्वाचा आहे. कर्व्यांवर कोणी दगड मारला नाही, कोणी त्यांना बहिष्कृत ठरवणारे पत्रक काढले नाही. एका प्रतिष्ठित संस्थेने आपल्या प्रतिष्ठेचा हिशेब केला, एवढेच. जमावाची हिंसा इतिहासात नोंदली जाते. संस्थेचा हिशेब राजीनाम्याच्या कागदात मिटतो आणि पुढच्या पिढीला तो ‘वैयक्तिक निर्णय’ वाटतो.

८/ नोकरी गेल्यावर कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, विवाहसंस्था, बुद्धिवाद हे त्याचे विषय. त्यातच ‘शारदेची पत्रे’ हे उपरोधिक सदर असे. शास्त्रीय लेखाने जे सिद्ध करायचे, त्याच्या विरोधात उभ्या असलेल्या ढोंगाची टर उडवण्याचे काम या सदराने केले. प्रतिष्ठितांना लेख सहन होई, कारण लेख न वाचता बाजूला ठेवता येतो. उपरोध कानावर येतोच.

९/ मासिकाचे सर्वांत धाडसी पान मात्र वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे होते. ज्या गोष्टी वैद्याला, वडीलधाऱ्यांना, मित्रालाही विचारता येत नव्हत्या, त्या माणसे पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना साधी, सरळ उत्तरे देत. या प्रश्नांत हस्तमैथुनाविषयीचे प्रश्न होते, तसेच समलिंगी संबंधांविषयीचेही होते. मेकॉलेच्या आयोगाने ज्या विषयावर बोलण्यास नकार दिला होता, त्यावर शंभर वर्षांच्या आत मराठी मासिकात प्रश्नोत्तरे छापली जात होती.

१०/ परिणाम अपेक्षित होता. १९३१ मध्ये व्यभिचाराविषयीच्या लेखावरून सनातनी मंडळींच्या तक्रारीने खटला झाला आणि कर्व्यांना दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली, ती या प्रश्नोत्तरांवरून. या दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेणारे बॅरिस्टर होते डॉ. भीमराव आंबेडकर. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, पुणे करार हे सारे त्यांच्या मागे होते. विरोधकांची त्यांना वाण नव्हती. तरी त्यांनी ही बदनाम बाजू स्वीकारली.

११/ बचावाचा गाभा असा होता: लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लेखन आपोआप अश्लील होत नाही, लोक प्रश्न विचारतात आणि त्यांना ज्ञानाच्या आधाराने उत्तर देणे हेच या मासिकाचे काम आहे. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा आधारही दिला गेला. न्यायालयाला ते पटले नाही. कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र चालू राहिले. औरंगाबादचे नाटककार अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा हा खटला नव्या पिढीला पुन्हा ठाऊक झाला.

१२/ १९३४चा खटला आजच्या अर्थाने समलिंगी हक्कांचा खटला नव्हता. त्याला तसे रूप देणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. तो प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचा खटला होता. परंतु ज्याला प्रश्न विचारण्याची मुभा नाही, त्याला हक्क मागण्याची मुभा कोठून मिळणार? पाणी, मंदिर आणि ज्ञान यांवर पहारा बसवणारी वृत्ती एकच आहे, हे आंबेडकरांइतके अनुभवाने कोणाला ठाऊक असेल?

१३/ कर्व्यांचा उपरोध निरीश्वरवाद्याचा होता. पण महाराष्ट्रात धर्माच्या आतूनही उपहास झालेला आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचली. त्यांत महार बोलतो, गारुडी बोलतो, वाघ्या बोलतो, आंधळा आणि बहिरा बोलतो. ज्यांना गाव हसे, त्यांच्याच तोंडी नाथांनी शहाणपण दिले आणि हसणाऱ्याला आरसा दाखवला. उपहासाची ही दिशा खालून वर जाणारी आहे.

१४/ त्याच मातीत देवाला पाहण्याची रीतही लवचीक होती. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जनाबाईंच्या परंपरेत पंढरपूरचा विठ्ठल हा पुरुषदेव सहजपणे ‘विठाई’ होतो, ‘माउली’ होतो. वारीत ज्ञानेश्वरही माउलीच. यावरून वारकरी संतांनी समलिंगी संबंधांना मान्यता दिली होती, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. परंतु ‘आमच्या धर्मात पुरुष म्हणजे पुरुष आणि स्त्री म्हणजे स्त्री, अध्येमध्ये काही नाही’ हे ठासून सांगणाऱ्याने निदान एकदा वारीत चालून पाहावे.

१५/ मग आधुनिक मराठी विनोदाने काय केले? त्याने दिशा उलटवली. तमाशातील नाच्या, साडी नेसून आलेला विनोदी नट, ‘बायल्या’ या शब्दावर पिकणारा हशा, हे सारे वरून खाली येणारे हसे आहे. गावातल्या मुलाला समलिंगी माणूस प्रथम भेटतो तो विनोदातच. ज्याला स्वतःविषयी शंका असते, त्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधी त्याच्यावरचा हशा ऐकू येतो. मेकॉलेने मौन लादले. या विनोदाने ते मौन घरोघरी पोचवले.

१६/ अपवाद होते. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. समलिंगी आकर्षण असलेली सुमित्रा त्याची नायिका. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मराठी प्रेक्षकांपुढे हा विषय गांभीर्याने मांडला गेला, तोही ‘फायर’ चित्रपटाच्या सतरा वर्षे आधी. ‘आपल्या समाजाला हे पचणार नाही’ हे विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते. पचत नाही, की पचू द्यायचे नसते?

१७/ ‘फायर’चे प्रकरण सर्वश्रुत आहे, पण त्यातील तपशील विसरले जातात. दीपा मेहता यांचा हा चित्रपट परीनिरीक्षण मंडळाने संमत केलेला होता. २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसैनिकांनी तोडफोड केली. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी तोडफोड करणाऱ्यांची पाठराखण केली. कायद्याने संमत कलाकृती आणि कायदा मोडणारा जमाव यांतून राज्याच्या प्रमुखाने जमावाची निवड केली.

१८/ चित्रपटातील दोन स्त्रियांची नावे राधा आणि सीता. बाळासाहेब ठाकरे यांनी मांडलेला तोडगा असा होता, की ही नावे बदलून शबाना, सायरा, नजमा अशी ठेवली तर हरकत राहणार नाही. हे वाक्य त्या काळचा सर्वांत मोठा उपहास ठरावे. फक्त ते उपहास म्हणून उच्चारले गेले नव्हते. दोन स्त्रियांचे प्रेम हे जर पाप असेल, तर ते नाव बदलल्याने धुतले कसे जाते? येथे धर्म हा नीतीचा प्रश्न उरला नव्हता. तो कुंपणाचा प्रश्न झाला होता.

१९/ आणि चित्रपटगृहांचे काय? काचा फुटल्यावर ठिकठिकाणी खेळ थांबवण्यात आले आणि चित्रपट पुन्हा परीनिरीक्षणासाठी पाठवण्यात आला. दुकान चालवणाऱ्या माणसाची भीती समजून घेता येते. काच त्याची फुटते, विमा त्याला भरावा लागतो. परंतु परिणाम तोच झाला, जो विल्सन महाविद्यालयात झाला होता. दगड मारणाऱ्याचे काम अर्धेच असते. उरलेले अर्धे काम नुकसानीचा हिशेब करतो.

२०/ पुढे लढा न्यायालयात गेला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी वाचनीय आहे. एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संघटना, हिंदू धर्माच्या नावाने बोलणारे गट. एरवी एका पंक्तीत न बसणारे सारे येथे एका बाकावर बसले. ११ डिसेंबर २०१३ रोजी त्यांचा जय झाला आणि कलम पुन्हा जसेच्या तसे लागू झाले.

२१/ याच टप्प्यावर धर्म आणि उद्योग एकाच चेहऱ्यात दिसतात. योगगुरू रामदेव हे २००६ मध्ये स्थापन झालेल्या पतंजली आयुर्वेद या कंपनीचा लोकांना परिचित असलेला चेहरा. २०१३च्या निकालानंतर त्यांनी समलैंगिकता ही वाईट सवय असून योगाने ती बरी करता येते, असा जाहीर दावा केला. आजार आहे असे म्हटले की औषध विकता येते. भारतीय मनोचिकित्सकांच्या संघटनेने २०१८ मध्ये तो आजार नसल्याचे सांगितले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

२२/ ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कलम ३७७ची ती धार बोथट केली. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात, इतिहासाने या माणसांची क्षमा मागायला हवी, असा आशय मांडला. आता कायदा आडवा नव्हता. तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये काय झाले ते पाहावे. डाबरच्या फेम या उत्पादनाच्या जाहिरातीत दोन स्त्रिया एकमेकींसाठी करवा चौथचे व्रत करताना दाखवल्या होत्या. मध्य प्रदेशचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईचा इशारा दिला. कंपनीने जाहिरात मागे घेतली आणि बिनशर्त क्षमा मागितली.

२३/ म्हणजे ज्यांची क्षमा मागायला हवी होती ते बाजूलाच राहिले. क्षमा मागितली गेली ती इशारा देणाऱ्यांची. २०१८च्या घटनापीठावर असलेले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, लोकांच्या असहिष्णुतेपायी जाहिरात मागे घ्यावी लागल्याचे त्यानंतर काही दिवसांतच एका भाषणात बोलून दाखवले. गंमत अशी की त्या दोघी व्रत मोडत नव्हत्या, पाळत होत्या. धर्माच्या बाहेर जाणाऱ्यावर राग येतो हे समजू शकते. आत येऊ पाहणाऱ्यावरही येतो, तेव्हा प्रश्न श्रद्धेचा राहत नाही, मालकीचा होतो.

२४/ सगळे उद्योग असेच वागले असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८च्या लढ्यात हॉटेल व्यावसायिक केशव सुरी हे स्वतः याचिकाकर्ते होते. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज समूहाने या विषयावर चर्चा, प्रदर्शने आणि धोरणे यांना जागा दिली. परंतु हा आधार मालकाच्या मनावर आणि बाजाराच्या हवेवर अवलंबून असतो. जून महिन्यात बोधचिन्ह सात रंगांत रंगवणारी कंपनी ऑक्टोबरमध्ये क्षमापत्र काढू शकते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यावर तर हे अधिकच जाणवते. हक्काची जागा कायद्यात आणि समाजमनात असते, जाहिरातीत नसते.

२५/ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ नाही. कंपनी सरकारच्या मसुद्यात जन्मलेले कलम पुस्तकातून गेले. पण त्यामागचा मूळ आदेश ‘बोलू नका’ असा होता, आणि तो रद्द करणारे राजपत्र निघत नाही. तो महाविद्यालयात, कार्यालयात, नाट्यगृहात आणि घरात रोज नव्याने पाळला जातो किंवा मोडला जातो.

२६/ म्हणून प्रश्न हसू नये असा नाहीच. मराठी माणसाने हसणे सोडले तर एकनाथही गेले आणि कर्वेही. प्रश्न कोणाला हसावे, हा आहे. नाव बदलले की पाप फिटते असे मानणाऱ्या नीतीला हसावे. नसलेल्या आजाराचे औषध विकणाऱ्याला हसावे. सणासाठी जाहिरात काढून लगेच क्षमा मागणाऱ्या शौर्याला हसावे. तेथे विषय पुरेसे आहेत. साडी नेसलेल्या नटाची गरज पडत नाही.

२७/ १९३३ साली एखाद्या तरुणाने आपला प्रश्न लिफाफ्यात बंद करून मुंबईला पाठवला असेल. आज पिंगळीतील तरुण तोच प्रश्न रात्री मोबाइलचा प्रकाश मंद करून शोधतो. मधल्या काळात कायदा बदलला, तंत्र बदलले. त्या लिफाफ्याला सन्मानाने उत्तर देणाऱ्याला २०० रुपये दंड झाला होता. आता उत्तर देण्यास दंड नाही. तरीही उत्तराऐवजी त्याच्या वाट्याला हशाच येणार असेल, तर त्याची जबाबदारी मेकॉलेवर टाकता येणार नाही.

#मराठी_इतिहास #समाजस्वास्थ्य